खुराड्यावरचा पहारा

आपल्याकडं एखाद्याला अगदी हलक्यात काढायचं असलं की त्याला कोंबडीचोर म्हणतात. दरोडेखोराचा दरारा असतो. बँक बुडवणाऱ्याला वकील असतो, विमान असतं, परदेशात बंगला असतो. कोंबडीचोराजवळ काय असतं? अंगाला चिकटलेली पिसं आणि पाठीवर वळ. म्हणून ठरवलं, इतिहास लिहायचाच तर ह्या सगळ्यात तळाच्या चोराचा लिहू. आणि तोही आपल्या गावचा नाही, साहेबाच्या गावचा. ज्या साहेबानं आपल्याला पीनल कोड दिलं, फौजदार दिला, त्याच्या खुद्द इंग्लंडातल्या खेड्यात एकोणिसाव्या शतकात कोंबडी गेली तर काय व्हायचं? कोण धावायचं? कोण धरला जायचा?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. शाळा दहावीला सुटली. हे वाचन पाळी संपल्यावर, मांडीवर डिक्शनरी घेऊन केलेलं. तेव्हा प्राध्यापकासारखी मुद्देसूद मांडणी मागू नका. जिथं डोकं अडकलं तिथं मी थांबलोय.

आधी जमिनीचं सांगतो. कोंबडी दाणे टिपते ते जमिनीवरच. इंग्लंडातल्या पुष्कळ गावांना सामाईक रान असायचं. त्याच्यावर गरिबाचा हक्क वहिवाटीचा. एखादी गाय चारा, डुक्कर सोडा, सरपण आणा, गूज पाळा. गूज म्हणजे बदकापेक्षा मोठा, लांब मानेचा पक्षी. रान असलं की त्याला विकतचं खाणं घालावं लागत नाही. मग कुंपणं आली. साधारण १७५० ते १८५० ह्या शंभर वर्षांत पार्लमेंटनं गावागावासाठी वेगळे असे चार हजारांच्या आसपास कायदे केले आणि लाखो एकर सामाईक रानं आणि उघडी शेतं कुंपणात घातली. पार्लमेंटात बसलेले कोण? जमीनदारच. त्यांनी आपल्याच हातानं सही केली, आपल्याच नावावर जमीन केली, आणि त्याला सुधारणा म्हटलं. सगळं कागदोपत्री. एकाही खुराड्याचं कुलूप तोडावं लागलं नाही.

कुंपणाच्या आत जमीनदार. त्याच्याकडून शेकडो एकर खंडानं करणारा मोठा शेतकरी. आणि कुंपणाबाहेर उरला तो शेतमजूर, नुसत्या मजुरीवर. मजुरी किती? डॉरसेट काउंटीतल्या टॉलपडल गावात ती आठवड्याला ९ शिलिंग होती, तिची ८ झाली, ८ ची ७, आणि आता ६ होणार असं मालकांनी सांगितलं. तिथल्या सहा मजुरांनी संघटना केली. गुप्त शपथ घेतली ह्या गुन्ह्याखाली १८३४ साली सहाही जणांना सात वर्षं काळ्या पाण्यावर पाठवलं. साहेबाचं काळं पाणी म्हणजे ऑस्ट्रेलिया. बाजारात एका कोंबडीला एक-दीड शिलिंग यायचा, म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. मजुराच्या ताटात पाव, बटाटे, थोडं चीज, कधी डुकराच्या मांसाचा तुकडा. आणि हिवाळ्यात शेतीचं काम बसलं, रात्री लांब आणि काळ्या झाल्या, की मालकाच्या आवारात तीस-चाळीस कोंबड्या आढ्यावर बसलेल्या. आता हिशोब तुम्हीच करा.

पण इथं मला थांबायचंय. आपल्यातल्या काही पोरांना कुठलाही चोर दिसला की क्रांतिकारक वाटायला लागतो. मलाही तसं वाटलं तर बरं वाटेल, कविता झकास होईल. पण इंग्लंडातल्या मजुरांनाच तसं वाटत नव्हतं. त्यांचा त्यांचा एक कायदा होता, तोंडी. ससा मारला तर पाप नाही. कोंबडी उचलली तर चोरी.

सरकारी कायदाही दोन्हींत फरक करायचा, पण उलट्या अंगानं. ससा, फेझंट, तितर हे रानातले. जंगली जीव कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्याला मारणं ही चोरी ठरत नाही, असं कायद्याचं पुस्तक म्हणायचं. मग जमीनदारांनी काय करावं? १६७१ साली वेगळाच कायदा करून ठेवला : वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन ज्याच्याजवळ, त्यालाच शिकार करता येईल. तो १८३१ पर्यंत टिकला. नंतरही परवान्याचे पैसे होतेच. रात्री शिकार करताना तिसऱ्यांदा सापडला तर १८२८ च्या कायद्यानं सात वर्षं काळं पाणी. आणि १८२७ पर्यंत रानात तार अडकली की आपोआप उडणारी बंदूक लावून ठेवायला जमीनदाराला मुभा होती. ज्याची मालकी कुणाचीच नाही त्याच्यासाठी माणूस मारायची सोय.

कोंबडीचं तसं नाही. कोंबडी पाळलेली. तिला कुणीतरी दाणे घातलेले, अंडी उबवायला बसवलेली, संध्याकाळी कोंडलेली. म्हणजे तिच्यात कुणाचे तरी हात आहेत. हे मजुराला कळायचं. सशाला कुणी दाणे घातलेले नाहीत. जोसेफ आर्च नावाचा शेतमजुरांचा पुढारी १८७३ साली पार्लमेंटच्या समितीपुढं साक्षीला गेला तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलं, की ससे कुणा एकाचे आहेत असं आम्ही मजूर मानत नाही, रानातली पाखरं जशी कुणाची नाहीत तसे. कोंबडीबद्दल असं कुणी म्हणत नव्हतं. शिवाय कोंबड्या बहुतेक बायकांच्या असायच्या. शेतकऱ्याच्या घरी अंडी-लोण्याचा पैसा बायकोच्या हातात. मजुराच्या झोपडीत दोन-चार कोंबड्या असल्या तर त्यांच्या अंड्यांवर पोराचे बूट आणि चहाची पुडी. विधवेच्या तीन कोंबड्या एका रात्री गेल्या तर ती विधवा कुणाच्या नावानं खडे फोडणार? भांडवलशाहीच्या?

शिवाय सगळ्या कोंबड्या भुकेनं गेलेल्या नाहीत. गावोगाव फिरून अंडी-कोंबड्या विकत घेणारे आणि शहरात विकणारे फिरस्ते व्यापारी होते. रेल्वे झाल्यावर रात्री चोरलेला माल सकाळी शहराच्या बाजारात. लंडनला लेडनहॉल मार्केट पाखरांच्या मांसासाठी नावाजलेलं. पोत्यात वीस कोंबड्या भरून नेणारा आणि आजारी पोराला रस्सा करायला एक उचलणारा, दोघांचं नाव नोंदवहीत सारखंच. आणि आपल्याला ते दोघं भेटतात ते फक्त त्या नोंदवहीत. शिपायाच्या दोन ओळी, मॅजिस्ट्रेटची एक ओळ. चोराच्या तोंडचं वाक्य क्वचितच.

शिक्षा काय? मेंढी चोरली तर १८३२ पर्यंत फाशी होती. कोंबडीला फाशी नव्हती. तुरुंग, फटके, आणि आधीचा गुन्हा नावावर असला की पुन्हा तेच सात वर्षांचं काळं पाणी. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत इंग्लंडनं १ लाख ६२ हजारांच्या आसपास माणसं ऑस्ट्रेलियात फेकली. त्यांच्या नोंदी नीट जपून ठेवल्यात. नाव, वय, उंची, अंगावरचे वण, गुन्हा. त्यात गुन्ह्याच्या रकान्यात कोंबड्या चोरल्या असं लिहिलेली माणसं पुष्कळ भेटतात. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, चार-चार महिने जहाजाच्या तळाशी. बहुतेकांना परतीचं भाडं कधीच जमलं नाही.

आता पोलीस. मला वाटायचं पोलीस हे पहिल्यापासून होतेच, जसं आकाश. तसं नाही. १८३९ च्या आधी इंग्रजी खेड्यात पगारी पोलीसच नव्हता. दरवर्षी गावातल्याच एका घरधन्याच्या गळ्यात कॉन्स्टेबलकी पडायची. कधी चांभार, कधी सुतार, कधी लहान शेतकरी. पगार नाही, वर्दी नाही, दिवसा आपला धंदा. तो रात्री कशाला बाहेर पडतोय? कोंबडी गेली तर जिची गेली तिनं किंवा तिच्या नवऱ्यानंच शोध घ्यायचा, संशय घ्यायचा, मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट आणायचं, कॉन्स्टेबलला अंथरुणातून उठवायचं आणि खटलाही आपणच भरायचा. खर्च परवडत नाही म्हणून बडे शेतकरी वर्गणी काढून मंडळ्या करायचे. चोरावर खटला भरायची मंडळी, असंच त्यांचं नाव. छापील दरपत्रक असायचं : घोडाचोर धरून दिला तर इतके पौंड, घरफोड्या तर इतके, आणि यादीच्या शेपटाला कोंबड्या, शलगम, कुंपणाची लाकडं. वर्षातून एकदा खाणावळीत सगळ्या सभासदांचं जेवण. त्यातल्या काही मंडळ्या अजून आहेत. चोर पकडत नाहीत, जेवायला मात्र भरतात.

वर्गणी भरणाऱ्याची कोंबडी गेली तर बक्षीस. वर्गणी न भरणाऱ्या विधवेची गेली तर तिनं देवाला सांगावं.

मग पगारी पोलीस आला कशासाठी? कोंबड्यांसाठी आला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १८३० साली ऑगस्टमध्ये केंट काउंटीत मजुरांनी मळणीची यंत्रं फोडायला सुरुवात केली. हिवाळ्यात हातानं मळणी हेच त्यांचं पोट होतं, ते यंत्रानं खाल्लं. कॅप्टन स्विंग ह्या खोट्या नावानं धमकीची पत्रं जायची, गंज्या पेटायच्या. दक्षिण आणि पूर्व इंग्लंड सगळं पेटलं. १९ जणांना फाशी, पाचशेच्या आसपास काळ्या पाण्यावर, सहाशेहून जास्त तुरुंगात. नंतर १८३४ चा गरिबांचा कायदा आला, भुकेल्याला घरी मदत बंद करून वर्कहाऊसमध्ये कोंडणारा. त्याच्यावर दंगे. मग मताचा हक्क मागणारे चार्टिस्ट. जमीनदारांच्या डोळ्यांची झोप उडाली होती ती ह्या आगीनं. पण आगीचं नाव घेऊन पोलीस मागितला तर उत्तर द्यावं लागतं, की बाबा आग लागली का? चोरीचं नाव घेतलं की उत्तर द्यावं लागत नाही. सरकारनं १८३६ साली चौकशी समिती नेमली. तिच्यात एडविन चॅडविक होता, तोच तो ज्यानं वर्कहाऊसच्या कायद्याला हात लावला होता. १८३९ साली त्यांचा अहवाल निघाला, पानंच्या पानं चोर, भटके, भिकारी. त्याच वर्षी कायदा झाला. काउंटीला हवं तर पोलीस ठेवा, हजार माणसांमागं एकाहून जास्त नाही.

गंमत अशी की शेतकऱ्यांनीच ठिकठिकाणी विरोध केला. पोलिसाचा पगार घरपट्टीतून जाणार. वर्षाला कोंबड्या जातात किती रुपयांच्या आणि पट्टी बसणार किती, असा त्यांचा रोकडा हिशोब. १८५६ पर्यंत निम्म्याच्या आसपास काउंट्यांनीच पोलीस ठेवला. मग १८५६ साली सक्ती झाली आणि सरकारी खजिन्यातून पगार-कपड्याचा चौथा हिस्सा मिळायला लागला. त्याच्या आदल्याच वर्षी आणखी एक सोय झाली होती. ५ शिलिंगांच्या आतली चोरी असेल आणि आरोपी कबूल असेल, तर ज्युरीची गरज नाही, मॅजिस्ट्रेटनंच तीन महिन्यांपर्यंत आत टाकावं. एक-दोन कोंबड्या म्हणजे ५ शिलिंगांच्या आतच. मॅजिस्ट्रेट कोण? जमीनदार, नाहीतर गावचा पाद्री. सकाळी धरला, दुपारपर्यंत निकाल. ज्युरीपुढं जायचं म्हटलं तर खटला उभा राहीपर्यंत आठवडेच्या आठवडे कोठडीत. म्हणून माणूस कबूल व्हायचा.

शिपाई कोण होता, तेही बघा. वय चाळिशीच्या आत, उंची ५ फूट ७ इंच, लिहिता-वाचता येणारा. पुष्कळसे शेतमजुरांचीच पोरं. आठवड्याला कमीत कमी १५ शिलिंग, म्हणजे बापाच्या दुप्पट. त्याला स्वतःच्या गावात ठेवत नसत. रात्री दहा-पंधरा मैल पायी गस्त, ठरलेल्या वेळी ठरलेल्या फाट्यावर शेजारच्या गस्तीचा शिपाई भेटायचा, नाही भेटला तर रिपोर्ट. सुरुवातीला कितीतरी सोडून गेले, कितीतरी दारूपायी हाकलले गेले. ह्या पोरानं मजुराच्या झोपडीत शिरून चुलीतली राख उकरायची, पिसं जळल्याचा वास घ्यायचा. आपल्या आईच्या झोपडीसारखीच झोपडी. त्याला काय वाटत असेल ते कुठल्या नोंदवहीत नाही.

पुरावा बहुतेक पायाचा. मजुराच्या बुटाला तळाशी लोखंडी खिळे ठोकलेले असायचे. कुठला पडलाय, कुठला झिजलाय, प्रत्येकाची खूण वेगळी. खुराड्याजवळच्या चिखलातला ठसा आणि संशयिताचा बूट खिळ्याला खिळा लावून बघायचे. एकच जोड, तोच कामाला, तोच चर्चला, तोच चोरीला. मालकिणी आपल्या कोंबड्यांच्या बोटाला चीर देऊन खूण करायच्या, बदकांच्या पायाच्या पडद्याला भोक पाडायच्या. म्हणून कोर्टात कोंबडीचे तोडलेले पाय पुरावा म्हणून यायचे. माग काढणं आपल्याला नवं नाही. आपल्याकडं चोराचा माग शिवेपर्यंत नेऊन शेजारच्या गावाच्या गळ्यात घालायचं काम महार-रामोशी करत. फरक एवढाच, की तिथं पाहणारा पगारी होता आणि इथं बलुत्यावर.

१८६२ साली जमीनदारांनी पोलिसाचा खरा उपयोग करून घेतला. त्या साली शिकार रोखायचा नवा कायदा झाला. संशय आला तर शिपायानं रस्त्यावर कुणालाही अडवावं, अंग झडावं, गाडी तपासावी. यादीत ससे, फेझंट आणि फेझंटची अंडीसुद्धा. म्हणजे काउंटीच्या पट्टीवर पगार खाणारा पोलीस जमीनदाराचा रानरखवालदार झाला. शोधायचा ससा, पण पिशवीत कोंबडी निघाली तर तीही सापडलीच. कामावरून परतणारा प्रत्येक मजूर अंधार पडला की संशयित. पाळी सुटल्यावर गेटवर हात वर करून जो उभा राहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गेटवर शेवटचा वॉचमन स्वतःची बायको रोजंदारीवर त्याच गिरणीत घेऊन येतो आणि तिचाही डबा उघडून बघतो. मॅनेजरची गाडी मात्र काच वर करून जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. डेव्हन काउंटीत हॅलबर्टन नावाचं गाव. १८६२ च्या सुमाराला तिथं एडवर्ड गर्डलस्टोन नावाचा पाद्री आला. मजुरी ७-८ शिलिंग, वर थोडी सफरचंदाची दारू, मजुरीचा भाग म्हणून. झोपड्या पडलेल्या. त्यानं बघितलं की मजुरांकडं डुक्कर नाही, कोंबड्या नाहीत. विचारलं का नाहीत? तर मालक ठेवू देत नाहीत. का ठेवू देत नाहीत? तर डुकराला, कोंबडीला घालायला हे मालकाचे दाणे चोरतील!

दोस्तहो, हे दोनदा वाचा. मी चार वेळा वाचलं, चुकीचा अर्थ लागला की काय म्हणून डिक्शनरी पुन्हा बघितली. कोंबडी चोरली म्हणून शिक्षा हे समजतं. इथं त्याची स्वतःची कोंबडी असणं हाच पुरावा. त्याच्या दारात कोंबडी दाणे टिपताना दिसली तर ते दाणे कुणाचे, हा प्रश्न. आणि मालकानं ह्यात स्वतःच्या नकळत कबुली दिलीय. मी ह्याला जी मजुरी देतो तिच्यातून एका कोंबडीलाही दाणे घालता येत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून ती कोंबडी जगली तर माझ्याच दाण्यावर जगणार. माणूस कशावर जगतो हे त्यानं विचारलं नाही. ज्याला पाळायला बंदी त्याच्या घरात कोंबडीचं हाड सापडलं तर ते चोरीचंच. दुसरं येणार कुठून?

गर्डलस्टोननं १८६६ साली, गुरांची साथ चालू असताना, प्रवचनात शेतकऱ्यांना विचारलं की मजुरांना तुम्ही जसं वागवता त्याचीच ही शिक्षा देवानं पाठवली असं नाही का वाटत तुम्हाला? गावातले शेतकरी त्याच्यावर तुटून पडले. त्यानं मग पेपरात लिहिलं, उत्तरेकडं जिथं मजुरी जास्त तिथं मजूर पाठवायला लागला. पुढच्या काही वर्षांत चारशे-पाचशे मजूर त्यानं तिथून हलवले, बरेचसे बायकापोरांसह. पोलिसानं आणि मंडळ्यांनी जे झालं नसतं ते ह्यानं आगगाडीच्या तिकिटानं केलं. पाद्र्यांबद्दल मला फार प्रेम नाही, पण ह्या माणसाचं नाव इथं लिहून ठेवतो.

संशय सगळ्यात आधी कुणावर, तर जिप्सींवर. गावाच्या कडेला तंबू पडला की बायका कोंबड्या मोजायला लागायच्या. १८२४ च्या भटक्यांच्या कायद्यानं उघड्यावर किंवा तंबूत झोपणारा आणि पोटापाण्याचं साधन दाखवू न शकणारा माणूस तेवढ्यावरच तीन महिने आत जाऊ शकायचा. ते लोक चिखलात लिंपून भाजलेली साळींदरासारखी काटेरी जाहक आवडीनं खायचे, पण लोकांच्या डोक्यात कोंबडीच. आणि हे जिप्सी कोण? त्यांची भाषा हिंदुस्थानातून गेलेली, हे अठराव्या शतकाच्या शेवटीच पंडितांच्या लक्षात आलं होतं. पाण्याला ते पानी म्हणतात. चोराला म्हणतात चोर. शेकडो वर्षं, हजारो मैल चालून हा शब्द त्यांनी बरोबर नेला, आणि पोहोचले तिथं तो त्यांच्याच कपाळावर मारला गेला.

१८७१ साली इंग्लंडात कायदा झाला : वरच्या कोर्टात दुसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला की शिक्षा भोगून झाल्यावरही सात वर्षांपर्यंत पोलिसाची नजर, दर महिन्याला हजेरी. कैद्यांचे फोटो काढून ठेवायचे. त्या काळच्या काही फोटोंत कैदी दोन्ही पंजे छातीवर धरून बसलेले आहेत, बोटं दिसावीत म्हणून. चेहऱ्यापेक्षा पंजेच जास्त बोलतात. त्याच १८७१ साली साहेबानं हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तिथं दोनदा गुन्हा शाबीत व्हावा लागायचा. इथं एकदाही नाही, जन्म पुरेसा. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यात आला आणि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी असे कितीतरी लोक त्याच्या यादीत गेले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत ठेवलेली माणसं तिथल्याच कापडगिरण्यांत कामाला जायची. कायदा १९५२ साली गेला. फौजदाराच्या डोक्यातून गेला का, ते पारध्यांना विचारा.

जोसेफ आर्चकडं परत येतो. जन्म १८२६, वॉरिकशायरमधलं बारफर्ड गाव, बाप शेतमजूर, स्वतः कुंपणं छाटण्यात पटाईत. १८९८ साली त्यानं आत्मचरित्र छापलं. त्यात लहानपणीची एक आठवण आहे. चर्चमध्ये प्रसाद घेताना काय होतं हे बघायला त्यानं दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला. आधी जमीनदार गेला, गुडघे टेकले, प्रसाद घेतला. मग मोठे शेतकरी. मग दुकानदार, कारागीर. सगळ्यात शेवटी मजूर, अंगात जाडेभरडे झगे, त्यांच्या शेजारी कुणी गुडघे टेकले नाहीत. जणू त्यांचा विटाळ होईल. त्या गटात त्याचा बाप होता. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर चहा प्यायला गेलो. पण म्हणून ते आणि आपण एकच, असं मी म्हणणार नाही. आर्चचा पोरगा दुसऱ्या शहरात जाऊन बूट-टोपी बदलून उभा राहिला असता तर त्याला कुणी ओळखलं नसतं. आपली जात आपल्याबरोबर तिकीट न काढता येते.

हाच आर्च ७ फेब्रुवारी १८७२ ला वेल्सबर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली स्टुलावर उभा राहून बोलला. तीस-चाळीस येतील वाटलेले, आले दोन हजारांच्या घरात. त्यातून शेतमजुरांची देशव्यापी युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डशायरमधल्या ॲस्कॉट गावच्या १६ बायकांना, संप फोडणाऱ्यांना अडवलं म्हणून, दोन पाद्री मॅजिस्ट्रेटांनी सक्तमजुरीवर पाठवलं. काहींच्या काखेत तान्ही पोरं होती. १८८४ च्या कायद्यानं गावच्या मजुराला मत मिळालं आणि १८८५ साली आर्च पार्लमेंटात गेला. गंमत म्हणजे त्या निवडणुकीत शिक्षा भोगून आलेला कोंबडीचोर घरधनी असेल तर मत देऊ शकत होता, त्याला धरणारा शिपाई नाही. पोलिसाला मत १८८७ साली मिळालं.

मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा खंडानं द्यायची पद्धत तिकडं होती. त्याच्या अटी छापील. रविवारी फावडं चालवायचं नाही, चर्चला हजर राहायचं, चोरीत किंवा शिकारीत शिक्षा झाली तर तुकडा गेला. म्हणजे एका कोंबडीपायी तीन महिने तुरुंग आणि परत आल्यावर वर्षाचे बटाटेही नाहीत. जनावरं पाळायची नाहीत ही अटही पुष्कळ ठिकाणी. १८८० साली खंडकरी शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला ससा मारायचा हक्क मिळाला, मजुराला त्यातलं काही नाही. शेवटी १९५० साली पार्लमेंटनं ह्या तुकड्यांबद्दल एक कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलं, की खंडाच्या किंवा भाड्याच्या कागदावर काहीही अट असो, जमीन कसणाऱ्याला त्या जमिनीवर घरापुरत्या कोंबड्या ठेवता येतील आणि त्यांच्यासाठी खुराडं बांधता येईल.